रंगीत चित्रांचा स्वतंत्र विभाग : वनौषधी-पुस्तिकेच्या मुद्रणातील एक विचार

वनौषधींवरील पुस्तक हाती घेतले की वाचकाची बोटे बहुधा मजकुराकडे न जाता त्यातील गुळगुळीत, जाडसर पानांकडे प्रथम जातात. पुस्तक मिटलेले असले तरी कडेने पाहता ती पाने निराळी ओळखू येतात. फुलांचे, फळांचे, सालींचे सारे रंग तेथे एकत्र आलेले असतात आणि त्यांचे वर्णन मात्र पन्नास पानांच्या अंतरावर कृष्णधवल मजकुरात असते. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच एक बोट मजकुरात आणि दुसरे चित्रांत ठेवून द्रव्यगुणाचा अभ्यास केला आहे. ही विभागणी कशासाठी केली जाते, याचा विचार मात्र पुस्तक स्वतः तयार करण्याची वेळ येईपर्यंत आमच्या मनात कधी आला नव्हता.

भीमेच्या उत्तर तीरावर शिरूर आणि दक्षिण तीरावर दौंड असे हे दोन तालुके. एकीकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि दुसरीकडे हिवर-बाभळीची, गवताची कोरडी माळराने, असे दोन्हींचे रूप आहे. या माळांवर, बांधांवर आणि नदीकाठी सहज आढळणाऱ्या औषधी वनस्पतींची एक सचित्र पुस्तिका आपण सिद्ध करावी, असे दोन्ही तालुक्यांतील आम्ही काही वैद्यांनी ठरविले. मजकूर लिहून झाला, छायाचित्रेही जमली. परंतु रंगीत चित्रे कोठे घालावयाची, हा प्रश्न छपाईच्या वेळी उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे शिकावयास मिळाले ते व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

खर्चाचा हिशेब

आमची पहिली इच्छा अगदी साधी होती. ज्या पानावर वनस्पतीचे वर्णन त्याच पानावर तिचे रंगीत चित्र असावे, म्हणजे वाचकाला पाने उलटावी लागणार नाहीत. मुद्रकांनी कागदावर आकडेमोड करून दाखविली तेव्हा आमचा उत्साह मावळला.

ऑफसेट छपाईत पुस्तकाची पाने एकेक करून छापली जात नाहीत. मोठ्या कागदाच्या एका बाजूस आठ व दुसऱ्या बाजूस आठ अशी सोळा पाने एकदम छापली जातात आणि घडी घातल्यावर ती क्रमाने येतात. या सोळा पानांना फॉर्म म्हणतात. मजकूर केवळ काळ्या शाईत असेल तर एका फॉर्मला दोन प्लेटी पुरतात. रंगीत छपाईस मात्र निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया लागतात. प्रत्येक शाईस प्रत्येक बाजूसाठी स्वतंत्र प्लेट लागत असल्याने एका फॉर्मला आठ प्लेटी होतात. त्या बाजूवर रंगीत चित्र एक असो वा आठ, प्लेटी तितक्याच लागतात.

आमची पुस्तिका १७६ पानांची, म्हणजे ११ फॉर्मची होती. चित्रे सर्वत्र विखुरली असती तर प्रत्येक फॉर्मला ८ याप्रमाणे ८८ प्लेटी लागल्या असत्या. तीच सर्व चित्रे एका फॉर्ममध्ये एकत्र केल्यास मजकुराच्या १० फॉर्मना २० आणि चित्रांच्या एका फॉर्मला ८, अशा २८ प्लेटींत काम भागत होते. शिवाय रंगीत चित्रास आर्ट पेपर हवा. साध्या मॅपलिथो कागदात शाई मुरते आणि पानाच्या कडा, शिरा, लव हे बारकावे मंदावतात. सबंध पुस्तिका आर्ट पेपरवर छापली तर ती जड होते, महाग पडते आणि दिव्याखाली वाचताना चकाकीचा त्रास होतो. एकत्रित विभागामुळे हा कागद केवळ सोळा पानांपुरता घ्यावा लागला.

ही फारकत कशी सुरू झाली

चित्रे वेगळी ठेवण्याची ही रीत ऑफसेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अक्षरे आणि चित्रे ही पूर्वी दोन निराळ्या कारागिरांची कामे होती. दौंड तालुक्यातीलच केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथे छापले गेले आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते संपूर्ण ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आश्रमातील स्त्रियांनीच तेथे खिळे जुळविण्याचे काम केले. काना, मात्रा, जोडाक्षरे यांचे शिशाचे खिळे हातांनी उचलून ओळी बांधावयाच्या, अशी ती अक्षरांची विद्या होती.

रंगांची विद्या याहून निराळी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात स्थापन केलेली चित्रशाळा किंवा मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे आलेला राजा रविवर्मा यांचा छापखाना येथे चित्रे शिळांवरून छापली जात. प्रत्येक रंगास निराळी शिळा आणि तोच कागद त्या सर्व शिळांखालून पुनःपुन्हा काढावयाचा, अशी ती पद्धत होती. खिळ्यांच्या यंत्रावर मजकूर आणि शिळांच्या यंत्रावर चित्र, असे दोन ठिकाणी तयार झालेले कागद बांधणाऱ्याच्या हाती प्रथम एकत्र येत. तेव्हा चित्रे वेगळ्या पानांवर असणे ओघानेच आले.

औषधी वनस्पतींच्या ग्रंथांतही हेच दिसते. ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथातील वनस्पतींची चित्रे ताम्रपटावर कोरून छापलेली आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांनी कोकणी भाषेत व नागरी लिपीत दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे. तेही चित्रासारखे कोरूनच छापावे लागले. आपली अक्षरेच तेथे चित्रपत्र होऊन बसली, हा योगायोग मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

याहून जवळचे उदाहरण लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे. मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिणाऱ्या या मराठी वैद्यकाने मेजर बामनदास बसू यांच्यासह भारतीय औषधी वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ रचला तो १९१८ साली अलाहाबादेत प्रसिद्ध झाला. कीर्तिकर १९१७ सालीच निवर्तले होते. या ग्रंथातील हजारावर चित्रपत्रे मजकुरापासून संपूर्णपणे अलग ठेवलेली आहेत. ब्लॅटर, केयस आणि म्हसकर यांनी सिद्ध केलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे तर मजकुराचे चार व चित्रांचे चार खंड आहेत. ग्रंथालयात हे खंड अभ्यासताना मजकुराचा खंड उजव्या हाताशी व चित्रांचा डाव्या हाताशी उघडा ठेवावा लागतो. ती चित्रे रंगीत नाहीत, परंतु त्यांतील रेषा इतक्या नेमक्या आहेत की आजही निश्चितीसाठी आपण त्यांच्याकडे वळतो.

यावरून एक तत्त्व हाती लागले. रचना दाखवावयाची असेल तर रेखाचित्र पुरते आणि ते काळ्या शाईत मजकुराशेजारीच बसू शकते. पानांची मांडणी, फळाच्या कडा, मुळाचा आकार यांसाठी रंगाची गरज नाही. जेथे रंग हीच ओळख आहे तेवढेच रंगीत विभागात जावे. जमविलेल्या छायाचित्रांपैकी निम्म्याहून अधिक या कसोटीवर आम्ही बाजूला ठेवली आणि त्यांच्या जागी रेखाचित्रे घातली.

क्रमांकाने केलेला घोटाळा

चित्र आणि मजकूर दूर गेले की त्यांच्यामध्ये क्रमांकाचा एक बारीक धागा उरतो. तो तुटला तर काय होते, हे आम्ही आमच्याच चुकीने अनुभवले.

चित्रांची पाने स्वच्छ दिसावीत म्हणून आम्ही चित्राखाली केवळ क्रमांक घातले होते. नावांची यादी विभागाच्या आरंभी होती. मजकुरात ‘पाहा : रंगीत चित्र ९’ असे उल्लेख होते. शेवटच्या आठवड्यात एका वनस्पतीचे चांगले छायाचित्र मिळाले म्हणून ते मध्येच घातले. त्यापुढील सर्व क्रमांक एकाने सरकले. यादी सुधारली, परंतु मजकुरातील उल्लेख तसेच राहिले. दोघा-तिघांनी मुद्रिते वाचली आणि कोणाच्याच ध्यानात हे आले नाही.

अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीने मात्र विचारले, “सर, भुईरिंगणीचं फूल मजकुरात जांभळं लिहिलंय. चित्रात तर पिवळं दिसतंय. कुठलं बरोबर?”

आम्ही चित्र पाहिले आणि क्षणभर बोलणे सुचेना. भुईरिंगणीच्या मजकुरातून वाचक ज्या चित्राकडे जात होता ते काटेधोत्र्याचे होते. भुईरिंगणी, म्हणजे कंटकारी, ही लघुपंचमुळातील आणि म्हणून दशमुळातील द्रव्य. कास-श्वासात आपण ती नित्य वापरतो. काटेधोत्रा मूळचा मेक्सिकोकडचा. त्याचा पीतवर्ण चीक पाहून काहींनी त्यास स्वर्णक्षीरी मानले असले तरी ती ओळख वादग्रस्त आहे. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत जलोदरासारख्या सूजयुक्त विकाराची साथ उद्भवली होती आणि तीत अनेकांचे प्राण गेले. दोन्ही वनस्पती आमच्या पडीक रानांत शेजारी शेजारी उगवतात. दोहोंची पाने काटेरी, कडा कातरलेल्या आणि शिरा फिकट असतात. नवख्या विद्यार्थ्याने त्या चित्राबरहुकूम पंचांग गोळा केले असते तर परिणाम काय झाला असता, हे वैद्यांस सांगावयास नको.

या प्रसंगाने दोन गोष्टी शिकविल्या. एक, चित्राखाली नाव असलेच पाहिजे. क्रमांक चुकला तरी नाव वाचकास सावध करते. दुसरी अशी की चूक उघडकीस आणली ती रंगाने. काळ्या-पांढऱ्या छपाईत ते काटेरी पान भुईरिंगणीचे म्हणून सहज खपून गेले असते.

मेंढपाळबाबांचा अभिप्राय

दुरुस्त केलेली मुद्रिते आम्ही एका वयस्क मेंढपाळाला दाखविली. शिरूरच्या पूर्वेकडील माळांवर ते मेंढरे घेऊन फिरतात आणि आमच्यापैकी काहींना वर्षानुवर्षे मुळ्या-पाला आणून देतात. त्यांना वाचता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी लोक ओषधींना नामरूपाने ओळखतात आणि त्यांचा योग जाणणारा तो खरा तत्त्ववेत्ता. नामरूपाची परीक्षा त्या ज्ञानाच्या मूळ धन्याकडूनच व्हावी, असे आम्हांस वाटले.

आम्ही चित्रे मजकुराच्या क्रमाने, म्हणजे अकारविल्हे लावली होती. त्यामुळे तांबडी घेटुळी, म्हणजे रक्तपुनर्नवा, एका पानावर होती आणि पांढरी घेटुळी बरीच पुढे गेली होती. बाबा एकदा हे पान पाहत, मग ते पान उलटत, पुन्हा मागे येत. शेवटी त्यांनी कागद खाली ठेवले.

“डाक्टर, पान उलटलं की आदीचं डोळ्यातनं जातंय. ज्या दोघींत मानूस फसतो त्या दोघी येका जागी दावा की.”

पुनर्नवेच्या मुळासाठी आपण ज्या वनस्पतीकडे जातो तिची फुले बारीक व गडद गुलाबी असतात आणि फळे चिकट व कंगोरेदार. पांढऱ्या घेटुळीची फुले पांढरट वा फिकट गुलाबी, पाने मांसल आणि फळ झाकणासारखे उघडणारे. दोन्ही पावसाळ्यात जमिनीसरशी पसरतात आणि बाजारात एकीच्या नावाखाली दुसरी येते. या दोघींची चित्रे समोरासमोर नसतील तर चित्रे छापून काय साधले?

बाबांच्या त्या एका वाक्याने आमचा विभाग मुळापासून बदलला. तोपर्यंत रंगीत विभाग म्हणजे पैशाअभावी केलेली तडजोड, असेच आम्ही समजत होतो. मजकुरापासून सुटलेल्या चित्रांना मजकुराचा क्रम पाळण्याचे बंधन उरत नाही, ही त्यातील मोठी सोय आमच्या ध्यानातच आली नव्हती. मजकूर अकारविल्हे असावा, कारण वाचक तेथे नावाने शोधतो. चित्रे साम्याने लावावीत, कारण तेथे वाचक संशय घेऊन येतो.

संशयाच्या जोड्या

मग आम्ही विभागाची पाने जोड्यांनी बांधली. डाव्या पानावर ग्राह्य द्रव्य व उजव्या पानावर त्याच्याशी घोटाळा होणारे, अशी रचना केली. तांबडी घेटुळी व पांढरी घेटुळी, भुईरिंगणी व काटेधोत्रा, लहान गोखरू व मोठे गोखरू, शंखपुष्पी या नावाने चालणाऱ्या निळ्या फुलांच्या निरनिराळ्या वनस्पती, अशा त्या जोड्या होत. अशोकाची जोडी माळरानावरची नव्हे, तरी ती मुद्दाम घातली. खऱ्या अशोकाची फुले नारिंगी-तांबड्या गुच्छांची असतात, तर बंगल्यांच्या आणि शाळांच्या कुंपणाशी उंच वाढणाऱ्या आसुपालवाची हिरवट असतात. लोक त्यालाही अशोकच म्हणतात आणि त्याची साल अशोकत्वचेच्या नावाने विकली जाते. या जोडीत फुलांबरोबर दोन्ही सालींची चित्रेही दिली, कारण वैद्याच्या हाती फूल येत नाही, साल येते.

अशा तुलनेस एकत्र छपाईचा आणखी एक लाभ होतो आणि तो आमच्या मुद्रकांनी दाखवून दिला. निरनिराळ्या दिवशी छापलेल्या फॉर्ममध्ये शाईचे प्रमाण थोडेफार बदलते. किरमिजी शाई किंचित वाढली तर फिकट गुलाबी फूल गडद दिसू लागते. एक घेटुळी सोमवारी आणि दुसरी गुरुवारी छापली गेली तर त्यांच्या रंगांतील भेद वनस्पतीचा की शाईचा, हे वाचकाने कसे ठरवावे? एकाच कागदावर, एकाच शाईने, शेजारी शेजारी छापलेल्या चित्रांत शाई वाढली तरी ती बहुतांशी दोघींचीही वाढते आणि भेद कायम राहतो. त्वचाविकारांची किंवा जिव्हापरीक्षेची चित्रे छापणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. श्याव, अरुण, ताम्र या वर्णांतील अंतर छापखान्यात सहज पुसले जाते.

व्यवसायबंधूंसाठी काही सूचना

स्मरणिका, पुस्तिका किंवा प्रबंध छापणाऱ्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून अनुभवाने ठरलेल्या काही गोष्टी येथे नमूद करतो.

१. रंगीत विभागाची पाने आठ किंवा सोळाच्या पटीत ठरवावीत. एक-दोन सुटी पाने डिंकाने चिकटविल्यास ती लवकर निखळतात.

२. विभाग दोन फॉर्मच्या मध्येच बसतो, हे आरंभीच ध्यानात घ्यावे आणि तो नेमका कोठे येणार हे अनुक्रमणिकेत लिहावे. चित्रांना मजकुराच्या पृष्ठांकांहून निराळा क्रमांक द्यावा.

३. धागा दोन्ही बाजूंनी बांधावा. मजकुरात चित्राचा क्रमांक आणि चित्राखाली नाव, क्रमांक व मजकुराचा पृष्ठांक असावा.

४. मुद्रिते अंतिम होईपर्यंत मजकुरात क्रमांकाऐवजी वनस्पतीचे नावच ठेवावे आणि क्रमांक सर्वांत शेवटी घालावेत. लाटेकसारख्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत प्रत्येक चित्रास एक खूणनाव देण्याची सोय आहे. मध्ये नवे चित्र आले तरी तेथे पुढील सर्व क्रमांक व उल्लेख आपोआप बदलतात. मात्र खूणनावच चुकीचे दिले तर यंत्र ती चूक निमूटपणे पुढे नेते.

५. शेवटचे मुद्रित दोघांनी मिळून तपासावे. एकाने मजकुरातील वर्णन मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने केवळ चित्र पाहावे. फूल जांभळे म्हटल्यावर डोळ्यांस जांभळे दिसते काय, एवढीच ती परीक्षा.

आता थोड्या प्रतींसाठी डिजिटल छपाई उपलब्ध आहे, तिच्यात प्लेटीच लागत नाहीत. संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचावयाच्या पुस्तकात तर रंगाला निराळे मोलही पडत नाही. तेव्हा चित्रे पुन्हा मजकुराशेजारी नेण्यास हरकत नाही, असे कोणी म्हणेल. ओळख पटविणारे एकेक चित्र तेथे अवश्य न्यावे. परंतु संशयाच्या जोड्यांचा विभाग तरीही स्वतंत्रच ठेवावा, असे आमचे मत आहे. त्याची उपयुक्तता प्लेटींच्या हिशेबावर अवलंबून नाही.

सुटा फॉर्म

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विभाग स्वतंत्र असल्यामुळे तो सुटाही छापता येतो, हे आम्हांस फार उशिरा सुचले. यंत्र चालू असतानाच रंगीत फॉर्मच्या शंभर प्रती अधिक काढून घेतल्या. प्लेटी तयारच होत्या, म्हणून खर्च कागद-शाईपुरताच आला. त्या नुसत्या मधोमध टाचून पाला-मुळी आणणाऱ्या मंडळींना वाटल्या. विषारी वनस्पतींच्या चित्रांवर ठळक तांबडी फुली छापलेली होती, म्हणून अक्षरओळख नसली तरी अडचण आली नाही.

मेंढपाळबाबांनी आपली प्रत घेतली, घेटुळीची जोडी उघडली आणि दोन्ही पानांवर दोन बोटे ठेवून बराच वेळ पाहिले. मग ती घडी करून घोंगडीत ठेवली. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी आणलेल्या पुनर्नवेच्या जुड्या आम्ही नेहमीप्रमाणे सोडून तपासल्या. त्यांत पांढरी घेटुळी नव्हती. अर्थात त्यांना ती आमच्या चित्रावाचूनही ओळखता येत होती. परंतु त्या वर्षी त्यांच्याबरोबर त्यांचा नातू आला होता आणि जुड्या त्याने बांधल्या होत्या.